वायटूके संपल्यावर काय? मार्च १९९९ मधला इन्फोसिसचा शेअर

११ मार्च १९९९ रोजी इन्फोसिस अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली. भारतात नोंदणी झालेली कंपनी तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. एका एडीएसला, म्हणजे शेअरच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रूपाला, ३४ डॉलर भाव मिळाला आणि साधारण ७ कोटी डॉलर उभे राहिले. इकडे मुंबईत कंपनीचं बाजारमूल्य वर्षभरात सुमारे तिप्पट झालं होतं. मार्चअखेर ते साडेनऊ हजार कोटी रुपयांच्या वर होतं आणि त्या आर्थिक वर्षाचा निव्वळ नफा होता सुमारे १३५ कोटी. एक रुपया नफ्यासाठी बाजार सत्तर रुपयांहून जास्त मोजत होता.

आणि त्या नफ्याच्या एका हिश्श्याची शेवटची तारीख साऱ्या जगाला माहीत होती: ३१ डिसेंबर १९९९.

२००० साल उजाडताच संगणकांच्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेलं दुरुस्तीचं काम, म्हणजे वायटूके, त्या दिवसानंतर उरणार नव्हतं. म्हणून दलाल स्ट्रीटवर तेव्हा एकच प्रश्न फिरत होता, वायटूके संपल्यावर काय? ब्रोकरांच्या अहवालात तो होता, विश्लेषकांच्या बैठकीत होता, लोकलच्या पहिल्या वर्गातही होता. प्रश्न चांगला होता, पण तो ज्या कंपनीला सगळ्यात जास्त विचारला गेला तिच्याकडे त्याचं उत्तर आधीपासून होतं. पुढे तिथेच ज्यांचे पैसे बुडाले ते वायटूकेमुळे बुडाले नाहीत. हे कसं घडलं ते आकड्यांनिशी बघण्यासारखं आहे.

आधी त्या कामाबद्दल थोडं. साठ-सत्तरच्या दशकात संगणकाची स्मृती महाग होती, म्हणून कोबोल भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. ९९ नंतर ०० आलं की यंत्राला ते १९०० वाटणार. मग व्याज, वय, विम्याची मुदत, थकबाकी यांचे सगळे हिशेब उलटेपालटे. इलाज अवघड नव्हता, कंटाळवाणा होता. लाखो ओळींमध्ये तारीख कुठे कुठे वापरली आहे ते शोधायचं, एकतर वर्षाची जागा चार आकड्यांची करायची किंवा 'विंडोइंग' करायचं, म्हणजे ०० ते २९ आलं तर २००० नंतरचं समजा, ३० ते ९९ आलं तर १९०० नंतरचं. मग घड्याळ पुढे सरकवून सगळं पुन्हा तपासायचं. बदल करण्यापेक्षा तपासणीत जास्त वेळ जाई.

कॅनडाचे पीटर द यागर यांनी १९९३ मध्ये 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मध्ये याबद्दल धोक्याची घंटा वाजवली. पुढे गार्टनर या संस्थेने जगभरच्या खर्चाचा अंदाज ३०० ते ६०० अब्ज डॉलर दिला आणि गुंतवणूकदारांचे कान टवकारले. १९९७ मध्ये तर अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजने द यागर यांच्याच नावाने वायटूके कंपन्यांचा निर्देशांक काढला. संकटाची बातमी देणाऱ्याच्या नावाने संकटावर पैसे लावायची सोय! वॉल स्ट्रीटला असल्या गोष्टी लाज न वाटता जमतात.

भारताच्या वाट्याला हे काम आलं ते पगारातल्या फरकामुळे, हे खरं. पण तेवढंच नाही. अमेरिकेत कोबोल जाणणारी पिढी निवृत्तीला आली होती आणि तरुणांना त्यात रस नव्हता. आपल्याकडे त्याच वेळी पुण्या-मुंबईत मेनफ्रेम (बँका-विमा कंपन्यांचे मोठे संगणक) आणि कोबोलचे क्लास भरभरून चालले होते; सिव्हिलचा इंजिनियरही चार-सहा महिन्यांत तयार होऊन विमानात बसत होता. १९९८ च्या कायद्याने अमेरिकेने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली. टीसीएसने पुण्याच्या टीआरडीडीसी या आपल्या संशोधन केंद्रात कोड तपासणारी साधनं, म्हणजे तसे प्रोग्रॅम, घडवली आणि चेन्नईत वायटूकेसाठी कारखान्यासारखी व्यवस्था उभारली. पण टीसीएसचा शेअर तेव्हा बाजारातच नव्हता, तो आला २००४ मध्ये. ज्यांना भारतातल्या वायटूकेवर पैसे लावायचे होते त्यांच्यासमोर इन्फोसिस, सत्यम, विप्रो आणि त्यांच्या मागे लहानमोठ्या नावांची रांग होती.

इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले तेव्हा लोकांनी पूर्ण उचललेसुद्धा नाहीत. या प्रकरणात मात्र १९९५ ची एक घटना जास्त महत्त्वाची आहे. तेव्हा कंपनीचं सुमारे पाव उत्पन्न जीई (जनरल इलेक्ट्रिक) या एकट्या अमेरिकन कंपनीकडून येत होतं. नव्या करारात जीईने दर पाडून मागितले आणि इन्फोसिसने ते काम सोडलं. त्यानंतर कंपनीने स्वतःला शिस्त लावून घेतली: कुठल्याही एका ग्राहकावर, एका तंत्रावर, एका प्रकारच्या कामावर फार विसंबायचं नाही. वायटूकेची सुगी आली तेव्हाही हीच शिस्त लागू झाली. या कामाचा वाटा एकूण उत्पन्नाच्या पाव हिश्श्यापुढे जाऊ द्यायचा नाही, असं कंपनीने ठरवलं आणि जाहीरही केलं. दारात उभं असलेलं काम नाकारायला जिगर लागते. बाजाराला ती तेव्हा फारशी दिसली नाही, कारण नाकारलेलं काम ताळेबंदात छापत नाहीत.

आता आकडे. १९९७-९८ मध्ये सॉफ्टवेअरचं उत्पन्न सुमारे २५८ कोटी रुपये होतं, १९९८-९९ मध्ये ५०९ कोटी. यातलं वायटूके एक-पंचमांशाच्या आसपास, म्हणजे शंभरेक कोटी. उरलेलं काम सुमारे ४०९ कोटींचं.

मार्च १९९९ मध्ये कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसला असता तर वाईटात वाईट काय होईल, हे त्याला काढता आलं असतं. समजा, १ एप्रिललाच वायटूकेचे शंभर कोटी शून्य झाले. तरी उरलेलं काम २५ टक्क्यांनी वाढलं की उत्पन्न जिथल्या तिथे. हे उरलेलं काम आदल्या वर्षी किती वाढलं होतं? १९९७-९८ मधला वायटूकेचा वाटा पाव धरा नाहीतर पंचमांश धरा, बाकीचं काम १९३ ते २०६ कोटींच्या दरम्यान येतं. ते वर्षात दुपटीच्या आसपास गेलं होतं. ज्या कामाचा वेग शंभर टक्के आहे त्याला पंचवीस टक्के जमणार नाहीत, असं म्हणायला काही कारण हवं. ते कुणी देत नव्हतं. नुसतंच 'वायटूके संपल्यावर काय' म्हणत होते.

प्रत्यक्षात काय झालं? १९९९-२००० मध्ये उत्पन्न ८८२ कोटी झालं आणि २०००-०१ मध्ये, वायटूके जवळजवळ शून्यावर आलेलं असताना, १,९०१ कोटी. म्हणजे एका वर्षात हजार कोटींहून जास्त भर, वायटूकेच्या शंभर कोटींच्या दहापट. नफा १३५ कोटींवरून २९३ आणि मग ६२८ कोटींवर गेला.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. मार्च १९९९ चं मूल्य नफ्याच्या सत्तर पट होतं. वायटूकेचा नफाही उत्पन्नाच्याच प्रमाणात, म्हणजे पंचमांश धरला तर सुमारे २७ कोटी. त्याला सत्तरने गुणा: एकोणीसशे कोटींच्या आसपास. नऊ महिन्यांत बंद होणार असलेल्या उत्पन्नाला बाजाराने कायमच्या उत्पन्नाचा भाव लावला होता. गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांतला मखरांचा गल्ला बघून दुकानाची पागडी ठरवावी, तसं हे झालं. खरं तर एकदाच येणारा नफा एकदाच मोजायचा. २७ कोटी म्हणजे २७ कोटी, फार तर पुढच्या वर्षाचे आणखी तेवढे. उरलेल्या १०८ कोटींना साडेनऊ हजारांनी तोलायचं. मग पट सत्तरची राहत नाही, नव्वदीच्या घरात जाते. महाग शेअर आणखी महाग दिसायला लागतो.

म्हणजे हा शेअर घ्यायला नको होता? इथे सेवा विकणारी कंपनी आणि वस्तू विकणारी कंपनी यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. वायटूकेच्या कामातून इन्फोसिसला त्या वर्षाच्या नफ्याखेरीज आणखी दोन गोष्टी मिळत होत्या. एक, अमेरिकन बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या जुन्या यंत्रणेची आतून ओळख. एरवी परक्या माणसाला ज्या प्रोग्रॅमच्या जवळ कुणी फिरकू देत नाही, ते प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायला मिळाले आणि वर त्याचे पैसेही मिळाले. दोन, माणसं. इन्फोसिस भरतीच्या वेळी येणाऱ्या भाषेपेक्षा शिकण्याची क्षमता बघत असे. कोबोल शिकवलेल्याला काही महिन्यांत जावा शिकवता येतो. कोबोलसाठी बनवलेल्या साधनाला नाही. एकोणीसशे कोटींतला काही भाग या ओळखीला आणि माणसांना द्यायला हरकत नव्हती. किती द्यायचा यावर मतभेद होऊ शकतात, पण तो शून्य नव्हता.

अमेरिकेत ज्यांनी 'शुद्ध' वायटूके कंपन्या घेतल्या त्यांचं काय झालं ते पाहिलं की हा फरक स्पष्ट होतो. फीनिक्सची व्हायासॉफ्ट कोड तपासण्याची साधनं विकत होती. कंपन्यांनी साधनं घेऊन झाली की दुसऱ्यांदा कोण घेणार? २००० मध्ये ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूची डेटा डायमेन्शन्स वायटूके सल्ल्यावरच मोठी झालेली. ती २००१ मध्ये लायनब्रिज या दुसऱ्या कंपनीत विरून गेली. कॅलिफोर्नियाची झायटेल मुळात डेटा साठवण्याची यंत्रं बनवणारी. मॅट्रिडिजिम नावाच्या कंपनीत तिचा हिस्सा होता आणि मॅट्रिडिजिमने कोबोल आपोआप दुरुस्त करण्याचं वचन दिलं होतं. तेवढ्या वचनावर शेअर काही काळ गगनाला भिडला. आपोआप दुरुस्तीचा धंदा काही उभा राहिला नाही.

बॉस्टनच्या कीनचं उदाहरण याहून जास्त विचारात पाडणारं आहे, कारण ती साधनं नाही, माणसांची सेवाच विकत होती. १९९८ मध्ये तिचं उत्पन्न १०७ कोटी डॉलरच्या पुढे गेलं, इन्फोसिसच्या कितीतरी पट. २००० मध्ये ते ८७ कोटींवर आलं. माणसं तीच, सेवाही तशीच, मग? १९९९ च्या उत्तरार्धात मोठ्या कंपन्यांनी यंत्रणेत कुठलाही बदल करायला बंदी घातली, जे दुरुस्त केलंय ते पुन्हा बिघडू नये म्हणून. नवी कामं थांबली. जानेवारीनंतर पैसा बाहेर आला तो इंटरनेटकडे वळला. अमेरिकन पगारावरची माणसं काम नसताना 'बेंच'वर बसवणं फार महाग पडतं. बंगळुरूत किंवा पुण्यात तीच माणसं शिकायला बसवून दोन तिमाही काढता येत होत्या. शिवाय वेबच्या मागेही कुठेतरी जुना मेनफ्रेम होताच, आणि तो सांभाळण्याचं काम स्वस्तात करणाऱ्याकडे सरकत होतं.

फ्लोरिडाची आयएमआर ही मधली जात: दुकान अमेरिकेत, कारागीर बंगळुरूत. वायटूकेवर ती झपाट्याने वाढली, मग आयएमआरग्लोबल झाली आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सीजीआयमध्ये विलीन झाली. म्हणजे नुसते भारतातले पगारही पुरेसे नव्हते.

इथे कुणी म्हणेल, आज मागे वळून इन्फोसिस निवडणं सोपं आहे. बरोबर आहे. दलाल स्ट्रीटवर त्या दोन वर्षांत सॉफ्टवेअर म्हटलं की भाव चढत होता. सिल्व्हरलाइन, पेंटाफोर, डीएसक्यू सॉफ्टवेअर ही नावं रोज पेपरात असत. केतन पारेख या शेअरदलालाच्या लाडक्या शेअरांत त्यांची गणना होती. मुंबईची सिल्व्हरलाइन जून २००० मध्ये थेट न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर गेली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कोलमडली. या कंपन्या आणि इन्फोसिस यांत तेव्हा दिसण्याजोगा फरक होता का? होता. इन्फोसिस वायटूकेचा वाटा, सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा, देशानुसार उत्पन्न हे सगळं छापत होती, तेही अमेरिकन हिशेबपद्धतीत. ज्या कंपनीने वायटूकेचा आकडाच दिला नाही तिच्याबद्दल वरचा कागद-पेन्सिलीचा हिशेब करताच येत नव्हता, आणि हे उत्तरच पुरेसं होतं. अर्थात छापलेले आकडे खरे असतीलच असं नाही, हे सत्यमने जानेवारी २००९ मध्ये सगळ्यांना शिकवलं. त्यावर बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे पक्का इलाज आजही नाही.

३१ डिसेंबरची रात्र शांत गेली. किरकोळ बिघाड सोडले तर वीज चालू राहिली, बँका चालू राहिल्या. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने एकट्या अमेरिकेचा खर्च सुमारे १०० अब्ज डॉलर धरला होता. काही झालं नाही म्हणून लोक विचारू लागले, एवढा पैसा गेला कशाला? दुरुस्त केलं म्हणूनच काही झालं नाही, हे पटवणं या धंद्यात नेहमीच अवघड असतं.

शेअरबाजाराने तर वायटूके विसरायला आठवडाही घेतला नाही. 'संपल्यावर काय'ला आता उत्तर मिळालं होतं: इंटरनेट. ११ फेब्रुवारी २००० ला सेन्सेक्स ५,९३३ वर बंद झाला. ३ मार्चला प्रुडेन्शियल आयसीआयसीआयचा टेक्नॉलॉजी फंड (फक्त अशाच कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) आला. १० मार्चला नॅसडॅकने ५,०४८ चा उच्चांक केला. मार्चअखेर, शिखरावरून बराच उतरल्यावरही, इन्फोसिसचं बाजारमूल्य ५९ हजार कोटींच्या वर होतं. नफा २९३ कोटी. म्हणजे दोनशे पट.

गंमत अशी की याच क्षणी कंपनीतली जोखीम सर्वांत कमी होती. वायटूके मागे पडलं होतं आणि कुठेही खड्डा पडला नव्हता. ज्यांनी मार्च १९९९ मध्ये घाबरून शेअर घेतला नव्हता त्यांतले बरेच आता निर्धास्त होऊन आले. आधी सत्तर पट महाग वाटली होती, ते दोनशे पट द्यायला तयार झाले, कारण शंका फिटली होती. शंका फिटण्याची ही किंमत कुणी वेगळी मोजली नाही.

मोजता आली असती. ५९ हजार कोटी हे मूल्य तीस पटीने समर्थनीय व्हायला नफा जवळपास २,००० कोटी हवा. २९३ वरून तिथे पोचायला, दरवर्षी ४० टक्के वाढ धरली तरी, साडेपाच वर्षांहून जास्त लागतात. आणि तिथे पोचल्यावर गुंतवणूकदाराच्या हातात काय? त्याचे मूळचे पैसे. तेव्हा बँका मुदतठेवीवर ९-१० टक्के देत होत्या. तेवढ्या काळात तिथे दीडपटीहून जास्त झाले असते.

झालंही जवळजवळ तसंच. मार्च २००१ ला बाजारमूल्य २७ हजार कोटींच्या आसपास उतरलं, नफा त्याच वर्षी दुपटीहून वाढलेला असताना. त्याच महिन्यात माधवपुरा ही सहकारी बँक अडचणीत आली आणि ३० तारखेला केतन पारेखला अटक झाली. टेक्नॉलॉजी फंडाचं १० रुपयांचं युनिट वर्ष-दीड वर्षात निम्म्याच्याही खाली गेलं. मार्च २००२ मध्ये इन्फोसिसचा नफा ८०८ कोटी आणि मूल्य साडेचोवीस हजार कोटींच्या घरात. मार्च २००३ मध्ये नफा साडेनऊशेच्या वर, मूल्य तरीही सत्तावीस हजारांच्या आत. ५९ हजारांची पातळी मार्चअखेरच्या आकड्यांत पुन्हा दिसली ती थेट २००५ मध्ये, तेव्हा नफा सुमारे १,९०० कोटी होता. पाच वर्षांत नफा सहापटीहून अधिक, आणि मार्च २००० मध्ये घेतलेल्याला लाभांश वगळता जवळजवळ काहीच नाही.

मार्च १९९९ च्या भावाने घेतलेल्याचे मात्र त्या पडझडीनंतरही, मार्च २००१ मध्ये, पैसे जवळपास पावणेतीन पट झालेले होते. त्यानेही महागच घेतला होता. पण त्याच्या भावात थोडी भीती शिल्लक होती आणि पुढच्या दोन वर्षांत नफा साडेचार पट झाल्याने महागाई भरून निघाली.

बॉस्टनच्या कीनचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. २००७ मध्ये तिला कॅरिटॉर नावाच्या कंपनीने सुमारे ८५ कोटी डॉलरला विकत घेतलं. कॅरिटॉरचं मुख्यालय कॅलिफोर्नियात होतं, आणि तिची बहुतेक माणसं काम करत होती भारतात.